हक्क आहे, पण सीमा ओलांडली तर!

15 फेब्रुवारी 1994 रोजी उत्तर इटलीतील कास्तेलबेल्लो या गावी पोलिसांनी एक मालट्रक अडवला. चालक ऑस्ट्रियाचा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच भागात कस्टमच्या तपासणीत एका जर्मन पर्यटकाजवळ बंदी असलेल्या प्रकारचा चाकू सापडला. दोघेही बोल्झानोच्या न्यायाधीशापुढे उभे राहिले आणि दोघांनी एकच मागणी केली. आम्हाला इटालियन येत नाही, खटला जर्मन भाषेत चालवा.

गुन्हे किरकोळ होते, मागणी किरकोळ नव्हती. न कळणाऱ्या भाषेतील नोटीस हातात घेऊन वाचून दाखवणारा माणूस शोधत फिरणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

बोल्झानोला जर्मन लोक बोझेन म्हणतात. एका गावाची दोन नावे म्हटल्यावर पुढची कथा सीमाभागातला माणूस ओळखेलच. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा हा मुलूख इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे इटालियन करण्यात आली. 1946 मध्ये पॅरिस येथे इटली व ऑस्ट्रियाचा करार झाला, पण अंमलबजावणी रेंगाळली. 1960 मध्ये ऑस्ट्रियाने हे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघात नेले. अखेर 1972 च्या स्वायत्तता कायद्याने तेथे जर्मन भाषेला इटालियनच्या बरोबरीचे स्थान मिळाले. कचेरीत जर्मन, कोर्टात जर्मन. हे कोणी दान दिलेले नाही; पन्नास वर्षांच्या झगड्यातून ते मिळाले.

म्हणूनच इटली सरकारचा युक्तिवाद वरवर रास्त वाटतो. ही सवलत तेथे राहणाऱ्या अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी आहे, वाटेने जाणाऱ्या परदेशी ट्रकवाल्यासाठी नव्हे, असे सरकारचे म्हणणे होते. शिवाय फौजदारी खटला कसा चालवावा हा सार्वभौम राष्ट्राचा प्रश्न. त्यात दुसऱ्याने का पडावे?

बोल्झानोच्या न्यायाधीशाने हा प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. निकाल 24 नोव्हेंबर 1998 रोजी लागला. फौजदारी कायदा राष्ट्राचाच, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र तो वापरताना युरोपीय कायद्याने घातलेली समानतेची मर्यादा ओलांडता येत नाही, असेही बजावले. अल्पसंख्याकांचे रक्षण हा हेतू योग्य आहे, पण परक्या जर्मनभाषकाला तीच सोय दिल्याने त्या रक्षणाला बाधा येत नाही. बोल्झानोतील न्यायालये जादा खर्चाशिवाय जर्मनमध्ये काम चालवू शकतात, याचीही नोंद झाली. पैसा नाही, माणसे नाहीत, ही सबब आपल्याही ओळखीची आहे!

बेल्जियममध्ये असेच आधी घडले होते. सांक्ट फिट हा पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून बेल्जियमला मिळालेला जर्मनभाषक मुलूख. तेथे राहणाऱ्या लक्झेंबर्गच्या एका कामगाराने आपला खटला जर्मनमध्ये मागितला. 1935 चा बेल्जियन कायदा तो हक्क फक्त बेल्जियमच्या नागरिकांना देत होता. शेजाऱ्याला मिळतो तो हक्क या कामगारालाही द्या, असे लक्झेंबर्गच्या न्यायालयाने 1985 मध्ये सांगितले. युरोपीय कायदा राष्ट्रीय कायद्याहून वरचढ, हे तत्त्व 1964 पासून रुजलेले असल्यामुळे असा निकाल बंधनकारक असतो. आपल्याकडे राज्यघटनेच्या 350 ब कलमानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी अधिकारी नेमला जातो. त्याचे काम राष्ट्रपतींना अहवाल देण्याचे. हुकूम देण्याचे नव्हे.

तरीही युरोपकडे पाहून फार हुरळून जाऊ नये. डब्लिनमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या एका डच बाईंची कायम नेमणूक आयरिश भाषेच्या तोंडी परीक्षेत अडली. त्या शिकवत होत्या इंग्रजीतून. पण राष्ट्रभाषा जगवण्यासाठी अशी अट घालता येते, असा निर्णय 1989 मध्ये लागला. म्हणजे आपली भाषा राखण्याचा राष्ट्राचा अधिकार युरोपीय कायद्याने काढून घेतलेला नाही. आमच्या मते हे योग्यच झाले.

खरी अडचण वेगळीच आहे. वरच्या चारही व्यक्ती देशाची सीमा ओलांडून आलेल्या होत्या, म्हणून त्यांना समानतेच्या कायद्याकडे दाद मागता आली. जो आपल्याच गावी बसून आहे आणि ज्याच्या डोक्यावरून सीमा पुढे सरकली, त्याचे काय? बोल्झानोच्या परक्याला मिळाले ते तेथे आधीच होते म्हणून. जेथे सरकारने मूळ हक्कच दिलेला नाही, तेथे वाटून घ्यायला काही उरत नाही. युरोपातील अल्पसंख्याकांनी 11 लाखांहून अधिक सह्या जमवून स्वतंत्र कायदे मागितले. जानेवारी 2021 मध्ये युरोपीय आयोगाने नव्या कायद्यांची गरज नाही असे उत्तर दिले.

लिथुआनियातील पोलिशभाषकांनाही हाच अनुभव आला. विल्नियसच्या एका पोलिशभाषक बाईने पोलंडच्या नागरिकाशी लग्न केले. विवाहाच्या दाखल्यावर नवऱ्याच्या आडनावात रोमन 'डब्ल्यू' हे अक्षर आणि बायकोच्या त्याच आडनावात 'व्ही', कारण लिथुआनियन वर्णमालेत डब्ल्यू नाही! प्रकरण लक्झेंबर्गला गेले. राष्ट्रभाषेच्या रक्षणासाठी बाईंचे माहेरचे नाव लिथुआनियन वळणाने लिहिणे कायद्यात बसते, असे न्यायालयाने 2011 मध्ये म्हटले. लग्नानंतरच्या आडनावामुळे गंभीर गैरसोय होते की नाही, हे लिथुआनियाच्याच न्यायालयाने पाहावे, असे सांगून तो चेंडू परत पाठवला.

डब्ल्यू अखेर आला तो विल्नियसच्या संसदेतूनच. जानेवारी 2022 मध्ये तेथे कायदा झाला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून क्यू, डब्ल्यू व एक्स ही अक्षरे ओळखपत्रावर लिहिण्यास मुभा मिळाली. पोलिश लिपीतील खुणांची अक्षरे मात्र त्या कायद्यातही बसली नाहीत.