ऑक्सिजनचे प्रमाण, प्रकाशसंश्लेषण आणि पानातील शर्करेचे वहन

प्रस्तावना

प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन बाहेर पडतो, हे आपण शाळेपासून शिकतो. पण हाच ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणात अडथळाही आणतो. १९२० साली ओटो वारबुर्ग यांनी क्लोरेला या शैवालावर प्रयोग करताना हा परिणाम नोंदवला. दुसरीकडे, तयार झालेली शर्करा पानाबाहेर पाठवायला ऑक्सिजन लागतोच. या पाठात आपण या दोन्ही बाजू पाहू.

१. रुबिस्कोची दुहेरी क्रिया

रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडला पाच कार्बन असलेल्या शर्करेशी (रिब्युलोज बिसफॉस्फेट) जोडते. त्याच क्रियास्थळी ऑक्सिजनही बसू शकतो. रुबिस्कोची ओढ कार्बन डायऑक्साइडकडे जास्त असते. मात्र हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, तर कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. त्यामुळे २५ अंश सेल्सिअस तापमानाला सी-३ वनस्पतींच्या पानात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण दर तीन क्रियांमागे ऑक्सिजनची एक क्रिया होते.

ऑक्सिजन जोडला गेला की दोन कार्बनांचे फॉस्फोग्लायकोलेट तयार होते. हरितलवक, पेरॉक्सिझोम आणि तंतुकणिका मिळून त्यातला कार्बन परत मिळवतात. अशा दोन रेणूंमधल्या चार कार्बनांपैकी तीन परत येतात आणि एक कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटतो. शिवाय ऊर्जाही खर्च होते. या प्रक्रियेला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढले की ते वाढते.

२. ऑक्सिजन कमी केल्यास काय होते?

गव्हाचे पान २ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत ठेवले, तर प्रकाशश्वसन जवळजवळ थांबते आणि प्रकाशसंश्लेषण साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने वाढते. मका, ऊस, ज्वारी या सी-४ वनस्पतींत मात्र विशेष फरक पडत नाही, कारण त्या रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड आधीच साठवतात.

गव्हातही ही वाढ नेहमीच दिसते असे नाही. थंड हवेत, भरपूर कार्बन डायऑक्साइड असताना, सुक्रोज बनवण्याचा वेग मागे पडतो. फॉस्फेट शर्करा-फॉस्फेटांत अडकून राहते आणि एटीपी बनवायला ते कमी पडते. अशा वेळी ऑक्सिजन कमी करूनही प्रकाशसंश्लेषण वाढत नाही. म्हणजे शर्करेचा पुढचा मार्ग मोकळा नसेल, तर उत्पादनही अडते.

३. शर्करेच्या वहनाला ऑक्सिजन का लागतो?

अनेक वनस्पतींत सुक्रोज पर्णमध्य पेशींतून पेशीभित्तिकेच्या पोकळीत येते. तेथून सहपेशी ते रसवाहिनीत ओढून घेतात. त्यासाठी प्रोटॉन पंप एटीपी खर्च करून प्रोटॉन बाहेर ढकलतो. ते प्रोटॉन आत परतताना सुक्रोजला सोबत आणतात. हे एटीपी मुख्यतः तंतुकणिकांतील श्वसनातून मिळते. रात्री स्टार्चपासून बनलेल्या शर्करेचे वहन तर पूर्णपणे श्वसनावरच अवलंबून असते.

पान पातळ आणि हवेच्या पोकळ्यांनी भरलेले असते. तंतुकणिकांना ऑक्सिजन अगदी कमी प्रमाणातही वापरता येतो. म्हणून २ टक्के ऑक्सिजनमध्येही पानातले श्वसन चालू राहते. जाड खोडात परिस्थिती वेगळी असते. एरंडाच्या खोडात रसवाहिनीच्या भागात ऑक्सिजन सुमारे ७ टक्क्यांपर्यंत खाली आलेला मोजला गेला आहे.

४. उदाहरण : पाणी साचलेले तुरीचे शेत

पाण्यात ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणून पाणी साचलेल्या जमिनीत मुळे किण्वनावर तगतात. त्यात एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी मिळतात. मुळांची वाढ थांबते, शर्करेची मागणी घटते आणि पानांत स्टार्च साचू लागतो. पुढे पर्णरंध्रे मिटतात, पानातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि प्रकाशश्वसनाचा वाटा वाढतो. अशा रोपाच्या मुळांना ऑक्सिजन अपुरा पडतो, तर त्याच वेळी पानात तो कार्बन डायऑक्साइडच्या मानाने जास्त ठरतो. शेतातले पाणी लवकर काढून देणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

सारांश

ऑक्सिजन कमी असणे चांगले की वाईट, याला एकच उत्तर नाही. रुबिस्कोजवळ तो कमी असणे फायद्याचे असते, तर सहपेशींत आणि मुळांत तो पुरेसा असणे आवश्यक असते.

स्वाध्याय

१. २ टक्के ऑक्सिजनचा परिणाम गव्हावर होतो, मक्यावर का होत नाही?
२. पाणी साचलेल्या शेतात मुळे उपाशी असताना पानांत स्टार्च का साचतो?