ओढेल, पण आवरेल का?

बेळगाव आणि देवास यांचे नाते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सुळेभावीत 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच आपले कुमार गंधर्व, 1948 मध्ये माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला गेले आणि तिथलेच झाले. त्याच्याही कितीतरी आधी पवार घराण्याने धार आणि देवास येथे राज्ये उभी केली. त्यामुळे तिकडे मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. आमची आक्काही लग्न होऊन अशाच एका घरात गेली, त्याला आता तीस वर्षे झाली.

आईला लेकीचे घर पुन्हा एकदा बघायचे आहे. आई माहेरची गोकाककडची, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. बेळगावहून पुणे, नाशिक, धुळे, सेंधवा करत देवासला जायचे म्हणजे हजार किलोमीटरच्या घरात प्रवास. दर दोन तासांनी पाठ टेकायला जागा हवी आणि स्वच्छ संडास हवा, एवढीच तिची अट. यावर माझ्या भाच्याने तोडगा काढला. तो धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला नोकरी करतो, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. “मामा, आपल्या गाडीला मागे कॅराव्हॅन जोडू. गाडीत दम आहे, आरामात खेचून नेईल!”

खेचून नेईल हे खरेच. पण बैलगाडी हाकलेल्या कोणालाही विचारा, चढावर बैल गाडी ओढतात, उतारावर मात्र गाडी बैलांना ढकलते. मोटारीचेही तेच आहे. इंजिनाची ताकद हा शेवटचा प्रश्न. आधीचे प्रश्न वजनाचे, तोल सांभाळण्याचे आणि थांबण्याचे. आम्ही मामा-भाच्यांनी दोन रविवार फोनवर हा हिशेब केला. तो इतरांच्याही उपयोगी पडावा म्हणून येथे मांडतो.

तूक आधी, हौस नंतर

आई वजनाला अजूनही ‘तूक’ म्हणते. इथे तीन तुके ठाऊक हवीत. पहिले, गाडीचे मोकळे वजन. ते आरसी बुकात सापडते. दुसरे, कॅराव्हॅनचे सामानसुमानासह भरलेले वजन. तिसरे सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे गाडीच्या कंपनीने पुस्तिकेत दिलेली ट्रेलर ओढण्याची मर्यादा. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांच्या पुस्तिकेत अशी मर्यादा दिलेलीच नसते, काहींत तर ट्रेलर ओढू नका असे स्पष्ट लिहिलेले असते. आकडा नाही याचा अर्थ मोकळीक आहे असा नव्हे; त्याचे उत्तर ‘नाही’ असेच धरावे.

ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन घराघरांत रुळलेली आहे. तिथे नवशिक्याला एक ढोबळ नियम सांगतात: भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन गाडीच्या मोकळ्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा, आणि गाडीपेक्षा जड कॅराव्हॅन कधीही ओढू नका. कंपनीची मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळायची.

आता आपला हिशेब करू. आपल्याकडे घरोघरी दिसणारी छोटी मोटार 800 किलोंच्या आसपास असते. तिचे 85 टक्के म्हणजे 680 किलो. चौघांची झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली परदेशी धर्तीची कॅराव्हॅन भरल्यावर सहज 1200 किलोंच्या पुढे जाते. म्हणजे छोट्या मोटारीचा विषय इथेच संपला. मोकळे वजन 1800 किलो असलेल्या मोठ्या कुटुंबगाडीला हाच हिशेब 1530 किलोंपर्यंत जागा देतो; पण तोही पुस्तिकेत परवानगी असेल तरच.

शिवाय ‘रिकामी एवढीच आहे’ या बोलण्यावर जाऊ नये. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो, पण टाकीसह ते सुमारे 30 किलोंचे ओझे. त्यात गाद्या, भांडी, आक्कासाठी बेळगावचा कुंदा आणि तांदळाचे पोते. कन्नडमध्ये ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणतात आणि मराठीत ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’. दोन्ही भाषांनी एकच सांगितले आहे, तेव्हा ऐकलेले बरे.

गाडी उलाळ नको

मागे जास्त ओझे भरलेली बैलगाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, हे शेतकरी घरांत पोरांनाही ठाऊक असते. कॅराव्हॅन उलाळ झाली की तिची दांडी मोटारीची मागची बाजू वर उचलू पाहते, मागच्या चाकांची पकड सुटते आणि कॅराव्हॅन सापासारखी डावी-उजवीकडे डुलू लागते. ओझे फार पुढे घेतले तर उलट होते. गाडीची मागची बाजू दबते आणि पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग सैल वाटते.

म्हणून कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर असावा, अशी ब्रिटिश पद्धत आहे. 1200 किलोंच्या कॅराव्हॅनला तो 60 ते 84 किलो होतो. गाडी किंवा जोडणी यांची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच धरावी. जड सामान खाली, कॅराव्हॅनच्या चाकांच्या आसाजवळ. हलके वरच्या कपाटात. आणि अगदी मागच्या टोकाला जड काहीच नाही.

एवढे करूनही वाऱ्याने किंवा मोठ्या ट्रकच्या झोताने डुलणे सुरू झालेच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ व घट्ट धरा, गाडीचा वेग आपोआप कमी होऊ द्या. जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून बाहेर पडायचा प्रयत्न तर मुळीच नको. वेग वाढला की हेलकावेही वाढतात.

जाताना चढ, येताना उतार

देवास-धारच्या वाटेवर खलघाटजवळ नर्मदा ओलांडावी लागते. तिथे आपण समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास असतो आणि माळव्याचे पठार पाचशे-साडेपाचशे मीटरवर. जाताना चढ लागतो, तिथे इंजिन तापेल एवढेच. खरी परीक्षा परतीची. धामनोदजवळचा गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांच्या अपघातांनी कुप्रसिद्ध झाला आणि अखेर उतरणाऱ्या वाहतुकीसाठी नवा मार्ग काढावा लागला. तो 2024 च्या अखेरीस खुला झाला.

ब्रेक का निकामी होतात? माणसांसह गाडी आणि कॅराव्हॅन मिळून 3000 किलो धरा. चारशे मीटर उतरताना त्यांची जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात 35 ते 40 लिटर पाणी उकळेल. थोडा वाटा हवा आणि रस्ता खातात; उरलेला इंजिनाने पेलला नाही, तर ब्रेक तापून पकड सोडतात. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण इथे दुप्पट खरी. वेगाचेही गणित आहे. 40 ऐवजी 60 च्या वेगाने असलात तर थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते.

युरोपात 750 किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे दाबला जातो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. जोडणी तुटलीच तर एक तार ओढली जाऊन ब्रेक आपोआप लागतात. हे नसलेली कॅराव्हॅन कोणी स्वस्तात देऊ केली, तरी घेऊ नये.

पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहने तपासणारी मोठी संस्था आहे. 2021 मध्ये तिथे 11.3 किलोमीटरचा वेगमार्ग सुरू झाला. पण गाडी किती पळते याबरोबरच ती कशी थांबते आणि वळणावर कशी वागते, हेही तिथे पाहिले जाते. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सांगाडा जोडून केलेल्या कॅराव्हॅनची अशी परीक्षा कोणी घेतलेली नसते.

कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याचीही नोंदणी लागते. केंद्राच्या 2004 च्या वर्गीकरणात खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन वा ट्रेलर बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो. तरी पैसे देण्यापूर्वी आरटीओत जाऊन विचारावे, आणि टो-बार बसवल्यावर विमा कायम राहतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

हा सगळा हिशेब मांडल्यावर आमच्या भाच्याने आपली गाडीची पुस्तिका उघडली. ट्रेलरच्या मर्यादेचा आकडा तीत नव्हता. पठ्ठ्याने वाद घातला नाही. दुसरा पर्याय आहे तो मोटार-कॅराव्हॅनचा, म्हणजे एकाच सांगाड्यावरचे चाकांवरचे घर. तिथे जोडणी नाही आणि डुलणारे शेपूटही नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशा गाड्या भाड्याने घेण्याकडे लोकांचे लक्ष वळू लागले आहे. आम्ही चालकासह तशी गाडी घ्यायचे ठरवले आहे, पुणे आणि धुळे येथे मुक्काम करत. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण ओसरल्यावर निघू. कुंद्याची ऑर्डर देऊन झाली आहे. त्याचेही तूक आईने आधीच विचारून घेतले आहे.