गच्चीवरची लिंबोणी

घरामागे लिंबोणीचे एक झाड असावे, ही मराठी गृहस्थाची जुनी हौस. शहरांतून अंगणे नाहीशी झाली, तरी गच्चीवरचे ऊन शिल्लक आहे. रोज सहा तास थेट सूर्यप्रकाश मिळणाऱ्या जागी कागदी लिंबू कुंडीतही चांगले फळते. परपरागीकरणाची गरज नसल्याने एकटे झाडही फळ धरते.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्र्याच्या झाडांसाठी भव्य दालन बांधण्यात आले. लाकडी पेट्यांत वाढणारी ही झाडे हिवाळ्यात दालनात विसावत आणि उन्हाळ्यात उद्यानात येत. तेथे वैरी थंडी होती. आपल्याकडे वैरी ठरते ते साचलेले पाणी. त्यात मुळे गुदमरून कुजतात व पाने पिवळी पडतात. झाड तहानलेले आहे असे समजून मालक आणखी पाणी घालतो आणि प्रेमापोटीच झाड दगावते. यासाठी मातीत बोट घालून पाहावे. वरचा दोन पेरांचा थर कोरडा लागला, तरच पाणी द्यावे.

दीड फूट व्यासाची व तितकीच खोल कुंडी पुरेशी होते. तळाची छिद्रे मोकळी असावीत. मातीत कुजलेले शेणखत व जाडसर वाळू मिसळावी. कलमाचा जोड मातीच्या वर राहील, अशी दक्षता घ्यावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘साई सरबती’ हा वाण निवडता येईल.

ओल्या मातीने भरलेल्या अशा कुंडीचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते. त्यामुळे ती गच्चीच्या मध्यभागी न ठेवता तुळई किंवा भिंतीच्या आधारावर ठेवावी. कुंड्या अधिक असल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा. कुंडीखाली विटा ठेवल्यास पाणी वाहून जाते आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येण्याचा संभव कमी होतो. शेजारधर्म सांभाळूनच बागकाम शोभते.

कोवळ्या पालवीवर लिंबाचे फुलपाखरू अंडी घालते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून सहज नजरेतून निसटते. रोज पाने उलटून पाहावीत व अळ्या हाताने वेचाव्यात. एवढ्याशा झाडाला विषारी फवारणी नको.

पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकणे जिवावर येते. तथापि कोवळ्या झाडाची शक्ती फळांत न जाता मुळांत व फांद्यांत जावी, हेच हिताचे. मुद्दल वाढण्यापूर्वी ठेव मोडू नये, हे बँकेच्या ग्राहकाला वेगळे सांगावे लागत नाही. दोन-तीन वर्षे धीर धरणाऱ्याच्या गच्चीवर मग शुभ्र फुलांचा सुगंध दरवळतो आणि उन्हाळ्यातल्या सरबतासाठी बाजाराची वाट धरावी लागत नाही.