शाळेच्या बागेतला धबधबा

पावसाळ्यात सिद्धगडाच्या कड्यांवरून धबधबे कोसळतात, त्यांना पंप लागत नाही. शाळेच्या बागेतल्याला लागतो, आणि तो घेताना आपण नुसता हॉर्सपॉवर विचारतो. तसे करू नका. टाक्यातल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या कडेपर्यंत उंची मोजा. कडेच्या दर फूट रुंदीला तासाला सुमारे ४,५०० लिटर पाणी हवे, नाहीतर पडदा न पडता नुसती धार लागते. त्या उंचीवर पंप इतके देतो का, हे दुकानदाराला विचारा. उंची वाढली की पाणी घटते. कारंज्याला पाणी थोडे, पण जोर जास्त लागतो. तेच पाणी फिरते खरे, तरी उन्हाळ्यात वाफ होऊन उडतेच. गावात टँकर येत असेल तर कारंजे बंद ठेवलेले बरे. आणि मुले पाण्यात हात घालणारच! वीजगळती होताच प्रवाह तोडणारी ईएलसीबी बसवल्याशिवाय बटण दाबू नका.