पडीक खाचरात कोण राहतं?

लालबागच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. वडील गिरणी कामगार. १९८२च्या संपानंतर ते रत्नागिरीकडच्या गावी परतले आणि भातशेती करू लागले. त्यांच्या पश्चात खाचरांना नांगर लागलेला नाही. आता तिथे काजू लावायचा आहे. ‘एवढी वर्षं पडीक राहिलेली जमीन कोरी झाली असेल ना?’

जमीन कोरी होत नाही. भाडेकरू गावी गेला तरी पागडीची खोली त्याच्याच नावावर राहते, तसे पीक गेल्यावरही मातीतले जुने रहिवासी हलत नाहीत. अमेरिकेत मिशिगनमध्ये काही वर्षं पडीक ठेवलेल्या शेतांतले जिवाणू कसत्या शेतांतल्या जिवाणूंसारखेच निघाले. कधीच न नांगरलेल्या जमिनीतले मात्र वेगळे होते. फ्रान्समध्ये तर रोमन काळातल्या शेतीची खूण आजच्या जंगलाच्या मातीत सापडते.

भाताच्या खाचराची गोष्ट आणखी खास. पाणी साचलं की काही दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. मग जिवाणू नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट अशा क्रमाने वापरून प्राणवायूची गरज भागवतात आणि शेवटी मिथेन करणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांची पाळी येते. प्राणवायू हा या आर्कियांचा वैरी, तरीही ते उन्हाळाभर कोरड्या ढेकळांत तग धरतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

हातभर खणून बघा. वरच्या भुसभुशीत मातीखाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने घट्ट झालेला राखाडी थर लागेल. जुन्या मुळांच्या वाटांवर तांबूस रेघा दिसतील. भाताच्या मुळाने हवा खाली नेली आणि विरघळलेलं लोह तिथे गंजलं, त्याच्या त्या खुणा. हा थर असेपर्यंत पावसात पाणी तुंबणार. जुन्या मंडळींना ते मानवतं, काजूच्या मुळांना सोसत नाही.

तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या जागेचा इतिहास आणखी निराळा. कवळ, पातेरा, शेण पसरून तिथे दरवर्षी भाजावळ, म्हणजेच राब, होत असे. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी शंभर वर्षांपूर्वी या राबाचा अभ्यास केला. राखेच्या खताखेरीज मातीला लागणारी धगही रोपांना उपकारक ठरते, हे त्यांनी मांडलं. माती तापवली की जिवाणू आधी घटतात, मग पूर्वीपेक्षा वाढतात आणि अमोनिया वाढतो, हे इंग्लंडमध्ये रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९मध्ये दाखवलं होतं. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत गेलं, कोकणातल्या मातीवरचं काम मागे पडलं. हे मला सलतं.

मातीतले जुने रहिवासी असे चिवट, म्हणून ‘एका हंगामात जमीन जिवंत’ करणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. कडधान्याला योग्य रायझोबियम लावल्याचा फायदा होतो, पण वरून सोडलेले जिवाणू जुन्यांपुढे सहसा टिकत नाहीत. तेव्हा आधी निचऱ्याचे चर काढा आणि खड्डे घेताना घट्ट थर फोडा. खाचर, तरव्याची जागा आणि उतारावरची वरकस जमीन यांचे नमुने एकत्र न कालवता वेगवेगळ्या पिशव्यांत भरून माती परीक्षणाला द्या.