संजीवनीची चोरी

आपल्या घाटावरून गेलेली गोदावरी निफाड तालुका ओलांडून कोपरगावास पोचते. तेथील बेटावर शुक्राचार्यांचे देऊळ आहे. दैत्यांच्या ह्या गुरूचा आश्रम तेथेच होता, अशी त्या भागातील लोकांची श्रद्धा. तेथल्या एका साखर कारखान्यालाही संजीवनीचेच नाव ठेवले गेले. ही मेलेल्यास उठविणारी विद्या शत्रूच्या माणसाने कशी नेली, ती कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली तिच्यावर रंगभूमीवर आणलेल्या नाटकाचे नावच मुळी 'विद्याहरण'. नाटकाचा रोख मद्यपानाच्या अनर्थावर होता. म्हणून आपल्या ध्यानात राहिला तो मद्याचा पेला. आज आपण ही कथा एका गुपिताची हकीकत म्हणून पाहू.

देवदैत्यांच्या युद्धात शुक्राचार्य आपल्या बाजूचे मेलेले वीर उठवीत. देवांचे गुरू बृहस्पती यांना ते येत नव्हते. तेव्हा देवांनी बृहस्पतींचा मुलगा कच ह्याला शुक्राचार्यांकडे धाडले. हेर म्हटला म्हणजे तो नाव लपविणार, वेष पालटणार, असे आपण समजतो. कचाने यातले काहीच केले नाही. मी बृहस्पतींचा मुलगा, मला शिष्य करून घ्या, असे त्याने सरळ सांगितले. आणि थोर कुळाचा मान राखून शुक्राचार्यांनी त्याला ठेवून घेतले. तो गुरूच्या गाई राखी, गुरुकन्या देवयानीला फुले आणून देई, तिच्यासाठी गाई, नाचे. संजीवनी मात्र त्याला कोणी शिकविली नाही.

दैत्यांना त्याचा हेतू उमगला. त्यांनी त्याला रानात गाठून ठार मारले. देवयानीने हट्ट धरला आणि शुक्राचार्यांनी त्याला उठविले. पुन्हा मारले, पुन्हा उठविले. तिसऱ्या खेपेस त्यांनी त्याला जाळले आणि राख मद्यात कालवून खुद्द गुरूंनाच पाजली. आता कच उठावयाचा तर गुरूंचे पोट फाडूनच. आणि गुरू मेले, तर त्यांना उठविणार कोण? मंत्र जाणणारा दुसरा कोणी नव्हता. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या कचालाच विद्या दिली. कच बाहेर आला आणि त्याने गुरूंना उठविले.

मग विद्या घालविली कोणी? कोणी मद्याला दोष देतो, कोणी देवयानीच्या प्रेमाला. पण कचाने जी मागूनही मिळविली नसती, ती विद्या दैत्यांच्या पहाऱ्यानेच त्याच्या हाती दिली. पुढे कचाने लग्नाला नकार दिला, तेव्हा देवयानीने शाप दिला, की ही विद्या तुला फळणार नाही. त्याने उत्तर दिले, मी जिला शिकवीन त्याला फळेल. म्हणजे शिक्षा चोराला होते. बाहेर पडलेली विद्या परत येत नाही.

आजच्या कायद्याने यावर एक तोड काढली आहे, ती पेटंटची. शोधकाने आपली कृती उघड लिहून द्यावयाची आणि त्याबदली ठराविक मुदतीपुरता हक्क घ्यावयाचा. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. लेखी पुराव्याचे मोल किती, हे हळदीच्या वादात दिसले. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचे पेटंट मिळाले. आपल्या घराघरांत आजी जे करीत आली, तेच हे! डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. पुराव्यात जुना संस्कृत ग्रंथ होता आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. नुसता आजीचा हवाला तेथे पुरा पडला नसता. छापलेले पान कामी आले.

आपल्याकडे एखादा वैद्य किंवा एखादा कारागीर आपली हातोटी पोटच्या मुलालाही सांगत नाही, आणि एके दिवशी ती त्याच्याबरोबर चितेवर जाते. विद्या चोरीस जाईल, हे त्याचे भय खोटे नाही. पण शुक्राचार्य त्या दिवशी जगले, ते विद्या दुसऱ्या एकाला आली म्हणून, एवढे त्याने ध्यानात घ्यावे.