शांती नावाचं इंजिन

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, बर्नली शहराला लागून असलेल्या हार्ल साइक गावात एक वाफेचं इंजिन आहे. 1895 मध्ये क्वीन स्ट्रीट मिल सुरू झाली तेव्हा त्याचं नाव ठेवलं होतं 'प्रुडन्स'. म्हणजे शहाणपण, जपून वागणं. कामगारांनीच पै-पैसा घालून शेअर घ्यायचे आणि गिरणी काढायची, अशी या गावाची जुनी परंपरा. त्यामुळे ते नाव गावाला शोभणारंच होतं. गिरणीच्या इंजिनाचं बारसं तिकडे रीतसर होत असे, बहुतेक ठिकाणी मालकाच्या घरातल्या बायकामुलींच्या नावानं. पहिलं महायुद्ध संपल्यावर मात्र या इंजिनाला नवं नाव मिळालं, 'पीस'. शांती.

हे नाव हौसेनं ठेवलेलं नव्हतं. शेजारच्या ॲक्रिंग्टनच्या नावानं ओळखली जाणारी स्वयंसेवकांची पलटण 1914 मध्ये उभी राहिली, तिच्यात बर्नलीचीही मुलं होती. एका गल्लीतली, गिरणीच्या एका खात्यातली मुलं बरोबरच भरती झाली, कारण बरोबरच लढायला मिळेल असा शब्द त्यांना दिला गेला होता. 1 जुलै 1916 च्या सकाळी, सोमच्या लढाईत, सेर या फ्रेंच खेड्यासमोर सुमारे 700 जण खंदकातून वर चढले. त्यांतले 584 ठार झाले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. बातमी गावात पोचली तेव्हा एकेका आळीत शोकानं खिडक्यांचे किती पडदे ओढले गेले असतील! अशा मुलखात इंजिनाला 'शांती' म्हणणं हा नवस फेडण्यासारखा प्रकार होता, असं मला वाटतं.

इंजिन आहे 500 अश्वशक्तीचं. बर्नलीजवळच्याच नेल्सन गावातल्या विल्यम रॉबर्ट्सच्या कारखान्यात ते बनलं. एकाच दांड्यावर मागे-पुढे दोन सिलिंडर. बॉयलरमधली जोरकस वाफ आधी लहान सिलिंडर ढकलते. तिथं दम थोडा कमी झाला की तीच वाफ मोठ्या सिलिंडरमध्ये जाऊन पुन्हा राबते. शेवटी तिचं पाणी होतं, आणि त्यासाठी लागणारं थंड पाणी गिरणीला लागून असलेल्या तळ्यातून येतं. एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेणारं हे यंत्र खरोखर शहाणपणाचंच. त्याचं अजस्र चाक फिरलं की लांबलचक शाफ्ट फिरतो, शाफ्टवरून छताखालचे आडवे दांडे फिरतात, आणि त्या प्रत्येकावरून चामड्याचे पट्टे खाली साच्यांवर उतरतात. एक इंजिन थांबलं की हजारभर साचे जागच्या जागी थांबत.

साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, इथं लँकेशायर लूम. हा 1842 मध्ये तिथंच, ब्लॅकबर्नला, घडला आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतही आला. परळ-लालबागच्या साचेवाल्याला हार्ल साइकच्या खात्यात उभं केलं असतं तर साच्यापुरतं तरी त्याला काही परकं वाटलं नसतं. तिथला दिवस असा सुरू होई: भल्या पहाटे लांब काठीनं वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करत जाणारा माणूस, मग फरसबंदीवर लाकडी तळाच्या जोड्यांचा खडखडाट, मग खात्याचं दार उघडताच कान बधिर करणारा आवाज. एका विणकराकडे साधारण चार साचे. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावून सूत तोंडानं ओढून घ्यायचं. याला तिथं 'धोट्याचा मुका घेणं' म्हणत. तोच धोटा दिवसभरात कितीतरी तोंडांना लागे. कापसाची धूळ आणि तेल त्याबरोबर पोटात जाई. दातही किडत. आवाजात बोलणं ऐकू येत नसे म्हणून बायका ओठांच्या हालचालींवरून बोलत, आणि त्या बोलण्याला 'मी-मॉइंग' असं नाव होतं. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला घरची सुखदुःखं सांगे, एक अक्षरही न उच्चारता. या विणकर गावांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. इथं बाईला आणि पुरुषाला कापडामागे एकच दर होता आणि लग्नानंतरही बाई साच्यावरच राही. त्या काळात असं फार थोड्या धंद्यांत होतं.

युद्ध संपलं आणि 1919 च्या उन्हाळ्यात लँकेशायरचे सूतकामगार संपावर गेले. आठवड्याचे साडेपंचावन्न तास होते, ते 48 झाले. सकाळी न्याहारीआधी कामाला जुंपायची पद्धत संपली. बारा वर्षांच्या पोरानं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत काढायचा, ही चालही 1918 च्या शिक्षण कायद्यानं मोडीत निघाली. याच सुमारास, 1919 आणि 1920 च्या जानेवारीत, मुंबईचे गिरणी कामगारही संपावर होते. त्यांना मिळाला तो दहा तासांचा दिवस.

मालाला तेव्हा उठाव होता. चार वर्षं जगाला पुरेसं कापड मिळालं नव्हतं, दुकानं रिकामी होती, भाव चढत होते. ओल्डहॅमकडच्या सूतगिरण्या तर चढ्या किमतीला कर्ज काढून विकत घेतल्या जात होत्या. लोकांना वाटलं, जुने दिवस परत आले. ते आले नव्हते. 1920 उलटण्याआधीच भाव कोसळले आणि साचे बंद पडू लागले.

याचं कारण आपल्या दारात होतं. 1913 मध्ये ब्रिटनमधून सुमारे 700 कोटी वार कापड बाहेर गेलं आणि त्यातलं 300 कोटी वार एकट्या हिंदुस्थानात आलं. ब्लॅकबर्नचे साचे तर आपल्याकडच्या धोतरांवरच चालत. युद्धात जहाजं मिळेनात, तेव्हा मुंबईच्या गिरण्या आणि जपानी व्यापारी पुढे सरसावले. सरकारला पैसा हवा होता म्हणून 1917 मध्ये परदेशी कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर गेली. 31 जुलै 1921 रोजी परळला गांधीजींच्या हस्ते विलायती कापडाची होळी झाली. त्या वर्षी हिंदुस्थानात आलेलं लँकेशायरचं कापड युद्धाआधीच्या निम्म्याहूनही कमी होतं.

ती होळी योग्यच होती. आपल्या गिरण्यांच्या कापडावर 1896 पासून साडेतीन टक्के अबकारी कर बसवला होता तो लँकेशायरच्या दडपणामुळेच, आणि तो हटायला 1925 चा डिसेंबर उजाडावा लागला. पण तो कर हार्ल साइकच्या विणकरणीनं बसवलेला नव्हता. गांधीजींना हे नेमकं कळलं होतं. 1931 च्या सप्टेंबरात ते लँकेशायरला, डार्वेनला गेले, बेकार विणकरांना भेटले. विणकरांचं दुःख त्यांनी मानलं आणि हिंदुस्थानचं दारिद्र्यही समोर ठेवलं. तिथल्या गिरणी कामगार बायकांनी त्यांना घेरून केलेल्या जयजयकाराचा फोटो आजही पाहायला मिळतो. पोटावर पाय आलेला असताना दुसऱ्याचं पोट समजून घेणं किती अवघड! ते त्या बायकांनी केलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

'शांती' मात्र चालत राहिली. आजूबाजूच्या गिरण्यांनी विजेच्या मोटारी बसवल्या, मग गिरण्याच बंद केल्या. क्वीन स्ट्रीट मिलचे साचे वाफेवरच चालले, ते थेट 1982 पर्यंत. वाफेवर चालणारी ती शेवटची विणकाम गिरणी. त्याच 1982 च्या 18 जानेवारीला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि तिथून आपलं गिरणगाव परत उभं राहिलं नाही.

तिकडे इंजिन, बॉयलर आणि तीनशेच्या आसपास साचे जागेवर ठेवून संग्रहालय झालं. 2016 मध्ये परगण्याच्या कौन्सिलनं पैसे नाहीत म्हणून ते बंद केलं, तेव्हा लोकांनी आवाज उठवला. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. पण साचा चालवलेले हात अजून आहेत, चाळींत, गावाकडे कोकणात, साताऱ्याकडे. तुमच्या घरात असे आजोबा असतील तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, धोट्यात सूत कसं ओवायचं ते त्यांना करून दाखवायला सांगा, आणि फोनवर त्याचं चित्रण करून ठेवा. त्यांतले बहुतेक आता सत्तरीच्या पुढे आहेत.